चिंध्या बांधलेली शिडी

डोमाजीभाऊंच्या शिडीच्या वरच्या दोन्ही टोकांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळलेल्या असत. मी चांद्याला नवी होते तेव्हा त्यांना विचारलं होतं, "भाऊ, शिडीला कुठं लागलं, मलमपट्टी केलीत ती?" माझी जीभ तेव्हा अशीच होती, अजूनही फारशी सुधारलेली नाही. ते हसले नाहीत. शिडी आमच्या भिंतीला टेकवत, म्हणजे टेकवल्याचं कळूही न देता, म्हणाले, "आवाज नाई झाला पायजे, बाई. खाली मानसं रायतेत."

डोमाजीभाऊ लोकांची घरं फेरायचे. ज्यांचा जन्म स्लॅबखाली गेला त्यांना हे समजावून सांगावं लागेल. चांद्यात तेव्हा बहुतेक घरांवर कवेलू होते, म्हणजे कौलं, कुंभाराने हाताने वळवलेली, अर्धगोल. वर्षभर त्यांवर माकडं नाचत, मांजरं भांडत, वारा त्यांना जागचे हलवी. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटाला सगळे कवेलू उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, खालचे बांबू तपासायचे आणि चांगले पुन्हा ओळीने लावून घ्यायचे. हे काम करणारे गावात पुष्कळ होते. पण पायाखालचा एकही कवेलू न फोडणारे डोमाजीभाऊ एकटेच. अंगाने काटकुळे, वय पन्नाशीच्या आसपास, गुडघ्यापर्यंत धोतर. जातीने ढिवर, वैनगंगेकाठच्या कुठल्याशा गावचे. पावसाळा-हिवाळा तलावात जाळं टाकायचं आणि उन्हाळ्यात लोकांच्या डोक्यावर चालायचं, असा त्यांचा संसार. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं.

आणि इतका भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

खाकी कपडा दिसला की ते गल्ली बदलत. तो पोलिसाच्या अंगावरचा की पोस्टमनच्या, याची चौकशी करायला थांबत नसत. कागदाला तर असे भीत, की आमच्या ह्यांनी एकदा कुठल्याशा पावतीवर त्यांचा अंगठा मागितला, तर मजुरी सोडून तीन दिवस फिरकले नाहीत. बसायचे ते अंगणाच्या मधोमध, उकिडवे, तोंड दाराकडे करून. भिंतीला कधी टेकायचे नाहीत. छपरावर कावळा उतरला तरी बोलणं अर्ध्यावर सोडून मान वर करायचे आणि कवेलू निवांत होईपर्यंत तसेच राहायचे. "भाऊ, कावळा आहे, नोटीस नाही," मी म्हणायची. ते मान हलवायचे. "भेव असलेलं बरं, बाई. ज्याले भेव नाई त्याले कवेलूवर चढवू नोये. थो फोडते."

चढताना ते खालच्या माणसांना हाक देत, "मी हाओ, डोमा. फेराले आलो. भेऊ नोका." प्रत्येक घरी, दरवेळी. घरात कोणी नसलं तरी. बंद कुलपाच्या घराला "भेऊ नोका" म्हणून चढणारा माणूस पाहून मला हसू आवरत नसे. आता ते हसू आठवलं की लाज वाटते.

आमचे हे नव्याने निघालेल्या कॉलेजात कारकून म्हणून लागले, म्हणून आम्ही वर्ध्याहून तिकडे गेलो. कॉलेज निघालं आणि चांद्यात खोली मिळेनाशी झाली. परकोटाच्या आतलं गाव तेवढंच, घरं तेवढीच. आणि प्राध्यापक आले, साहेब आले, लाकडाच्या ठेकेदारांचे मुनीम आले. ज्याच्या पडवीत काल शेळ्या बांधल्या होत्या तो आज तिला खोली म्हणू लागला आणि भाडं असं सांगू लागला की ऐकणाऱ्याने आधी बसून घ्यावं. नागपूरला राहणं परवडत नाही, म्हणून गरिबांच्या मुलांनी इथेच शिकावं, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. त्यावर विश्वास ठेवून गडचिरोली, एटापल्ली, सिरोंचाकडची मुलं डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन खरोखरीच आली. त्यांनी राहायचं कुठे, हे भाषणात नव्हतं.

आम्हांला दोन खोल्या मिळाल्या त्या भय्यासाहेबांच्या घराच्या पुढच्या अंगाला. भय्यासाहेब जुने मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार. मालगुजारी सरकारने काढून घेतल्यावर गावाकडचा कारभार आवरून ते चांद्यातल्या घरी येऊन राहिले होते. बोलणं लोण्यासारखं. कोणाला कधी अरे-तुरे केलेलं मी ऐकलं नाही. भाडं चुकलं तरी घरी येऊन चहा घेऊन जायचे, पण चहा घेताना ते छपराकडे, भिंतीकडे, मोरीकडे असे सावकाश बघत की चहा करणारीने साखर घालायची विसरावी. मी कोणाला भीत नाही असा माझा माहेरपासूनचा लौकिक होता. भय्यासाहेबांपुढे मात्र माझा पदर आपोआप डोक्यावर जाई.

पहिल्याच वर्षी हे संध्याकाळी एका मुलाला घरी घेऊन आले. लालसू त्याचं नाव. एटापल्लीच्याही पलीकडचा, माडियांचा, त्याच्या गावातला पहिला मॅट्रिक झालेला. सकाळपासून नऊ घरं फिरला होता. कुठला, कोणाचा, काय खातोस, या तीन प्रश्नांच्या पुढे एकाही दारात पोचला नव्हता. दहाव्या घरी जायचं सोडून कॉलेजच्या पायरीवर पेटीवर बसलेला ह्यांना सापडला. मी त्याला भाकरी वाढली. तो भाकरी खाताना इतक्या हळू चावत होता, की चावल्याचाही कोणाला त्रास होऊ नये.

डोमाजीभाऊ त्या दिवशी आमच्या छपरावर होते. वरून सगळं ऐकलं असावं. खाली उतरून अंगणाच्या मधोमध बसले आणि लालसूला म्हणाले, "मागं बैलाइचा कोठा हाये. दोन सालापासून रिकामा पडून हाये."

"तुम्हांला काय ठाऊक?" मी विचारलं.

"वरून दिसते न, बाई. या गावात कोनतं घर रिकामं अन कोन्यात किती मानसं दाटले, मले सारं दिसते. खालच्या मानसाले नाई दिसत."

मागे खरंच कोठा होता. मालगुजारी गेल्यावर बैल विकले, तेव्हापासून तिथे फुटक्या बैलगाडीची चाकं पडून होती. पण भय्यासाहेबांना विचारणार कोण? ह्यांनी घसा खाकरला आणि पाणी प्यायले. शेवटी डोमाजीभाऊच गेले. म्हणजे भय्यासाहेबांच्या अंगणात जाऊन बसले. भय्यासाहेबांनी विचारलं, "काय डोमाजी?" तर म्हणाले, "काई नाई जी." दुपारपर्यंत बसून परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कुठून तोंड फुटलं कोणास ठाऊक, पण बोलले, आणि परत आले ते कोठा घेऊनच. मुलांनी परवडेल तेवढं भाडं द्यायचं, आणि भय्यासाहेबांचं मोठं घर डोमाजीभाऊंनी दर उन्हाळ्यात फुकट फेरायचं, असं ठरलं होतं.

"अहो, एवढं मोठं घर. महिना जाईल तुमचा."

"जाऊ द्या जी. माह्ये हात-पाय चालून राह्यले."

महिन्याभरात कोठ्यात सात मुलं झाली. शेण काढलं, भिंती सारवल्या, गव्हाणीत पुस्तकं लावली. डोमाजीभाऊ दर दोन दिवसांनी पळसाच्या पानात बारीक मासे आणून ठेवत आणि त्यांचं वाचन ऐकत बसत. इंग्रजी वाचलं तरी तेवढ्याच भक्तीने. एकदा मी विचारलं, "काय कळतं हो तुम्हांला त्यातलं?" ते म्हणाले, "पोट्टे वाचून राह्यले, म्हंजे घरात हायेत. एवढं समजते."

शिडीच्या चिंध्यांची गोष्ट मला अशीच एका दुपारी कळली. मी कावळ्यावरून पुन्हा चिडवलं होतं. ते जाळ्याची गाठ मारत होते, हात न थांबवता बोलू लागले. लहानपणची गोष्ट. बाप तापाने पडला होता आणि एक दिवस गावच्या मालगुजाराच्या बेगारीला गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीवर आंबील ढवळत होती, आणि बाहेर वळचणीला शिडी लागल्याचा आवाज झाला.

"टक्क. एवढाच आवाज, बाई. मंग वरून एक-एक कवेलू निंगाला. चुलीवर ऊन आलं. मायनं आंबील झाकली, कचरा पडते म्हनून. तिले वाटलं, फेराले आले."

"मग? घरातून बाहेर काढलं तुम्हांला?"

"कोनी जा म्हनलं नाई. बोट नाई लावलं. कवेलू नेले फक्त." गाठ दातांनी आवळून ते म्हणाले, "चार दिवस रायलो उन्हात. मंग चालाले लागलो."

मी त्यानंतर कावळ्यावरून चिडवणं बंद केलं. रात्री झोपताना मात्र माझंच लक्ष छपराकडे जाऊ लागलं. भीती अशी दुसऱ्याकडून लागते.

त्यांचं स्वतःचं घर तलावाच्या पाळीखाली होतं, दोन खणांचं, कुडाच्या भिंतींचं. एकदा मासे आणायला गेले तेव्हा मी ते पाहिलं आणि पाहतच राहिले. छपरावरची एक ओळ लाल, एक काळपट, एक पिवळट. डोमाजीभाऊ मजुरीत थोडे पैसे आणि थोडे कवेलू मागून घेत. कोणाकडे फेरून उरलेले दहा, कोणाकडचे वीस. अशी बारा-पंधरा वर्षं घालवून त्यांनी आपलं छप्पर पुरं केलं होतं. त्या माणसाच्या तोंडावर अभिमान मी तेवढा एकदाच पाहिला. बोट दाखवून ते सांगत होते, "हे ओळ वकिलाची. हे दवाखान्याच्या डागदराची. थे कोपऱ्यातले महाकालीच्या पुजाऱ्याचे. अन हे पाच तुमच्या इथचे, बाई. हे सारे माह्ये होयेत आता. इथी शिडी लावाले कोनाची टाप नाई." दाराशी मात्र एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. त्यात एक धोतर, एक तांब्या, थोडे तांदूळ. कशाला, म्हणून मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी होळी झाली. मुलांची विद्यापीठाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. एका सकाळी भय्यासाहेबांनी डोमाजीभाऊंना बोलावून घेतलं. मी तिथेच होते, भाडं द्यायला गेले होते. भय्यासाहेब म्हणाले, "डोमाजी, यंदा मागचा कोठा आधी फेरून घ्या. वरचे बांबू किडले आहेत, बदलू. मुलांची परीक्षा जवळ आली. आत्ताच आटपलं म्हणजे मग त्यांना धुळीचा त्रास नको."

डोमाजीभाऊंचा चेहरा फुलला. एरवी त्यांना सगळ्याचं भय. पण फेरण्याचं नाव काढलं की त्या माणसाला कपट सुचतच नसे. फेरणं म्हणजे घर वाचवणं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी शिडी आणली, "मी हाओ, डोमा, भेऊ नोका" म्हटलं आणि चढले. मुलांनी पुस्तकं बाजूला ठेवून साखळी केली आणि हातोहात कवेलू उतरवून भय्यासाहेबांच्या आतल्या वाड्यात नीट रचून ठेवले. तिन्हीसांजेपर्यंत कोठा बोडका झाला. शिडीही तिथेच आत ठेवली, सकाळी लागणार म्हणून.

सकाळी आतल्या फाटकाला कुलूप होतं. बांबू यायचे आहेत, असं गड्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशीही यायचे होते. चौथ्या दिवशी आमच्या ह्यांनी कॉलेजातून बातमी आणली. एका मोठ्या साहेबांना घर हवं होतं आणि कोठ्याच्या जागी चार खोल्या काढून द्यायचं भय्यासाहेबांनी कबूल केलं होतं. भाडेकरूला उठवायचं तर कायद्याने कोर्टात जावं लागे. भाडेकरू आपण होऊन उठून गेला तर कशालाच जावं लागत नसे.

चांद्याचं चैत्रातलं ऊन ज्याने खाल्लं नाही त्याला मी ते सांगू शकणार नाही. दहा वाजता कोठ्याची जमीन तापे. मुलं खाटा उभ्या करून त्यांच्या सावलीत वाचत, सावली सरकली की खाटा सरकवत. दोघांना उलट्या झाल्या. एकाच्या नाकातून रक्त आलं, ते वहीवर पडलं. गावात खोली कुठे मिळणार? आणि मिळाली तर भाडं कुठून आणणार? परत गावी जावं तर एटापल्ली काय हाकेवर होती? उठून गेले असते तर वर्ष गेलं असतं, आणि त्यांच्यासारख्यांचं वर्ष गेलं की शिक्षणच जातं.

पाचव्या दिवशी डोमाजीभाऊ आले. बांबू यायचे आहेत असं ऐकून ते पहिल्याच सकाळी माशांसाठी बाहेरगावी गेले होते, पुढचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. फाटकाचं कुलूप अजून तसंच पाहिलं. कोठ्याच्या दारात उभे राहून वर पाहिलं. खाली मुलांच्या अंगावर बांबूंच्या सावल्यांचे पट्टे पडले होते. लालसू म्हणाला, "भाऊ, बांबू कधी येतीन?"

डोमाजीभाऊ मटकन खाली बसले, भिंतीला टेकून. त्यांना भिंतीला टेकलेलं मी प्रथमच पाहत होते. म्हणाले, "मीच लावली शिडी."

"तुम्हांला काय माहीत होतं, भाऊ?" मी म्हटलं.

"मीच लावली, बाई. वाजली नाई म्हनून का झालं?"

मुलांनी पोलिसांत जाऊन सांगितलं. एक जमादार येऊन पाहून गेला. माणूस वाईट नव्हता. टोपी काढून घाम पुसत म्हणाला, "बाप्पा, ऊन तं लयच हाये इथी. पन मी का करू? कवेलू त्याइचे. आपल्या मालाले मालकानं हात लावला, तं गुन्हा कायचा? दुसऱ्याचे कवेलू काढले असते तं चोरी झाली असती. हे तं त्याइचेच होयेत." हे तो बोलत होता तेव्हा डोमाजीभाऊ आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे उभे होते, खाकीला भिऊन. जमादार गेला तरी ते बाहेर आले नाहीत. ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत.

त्याच संध्याकाळी भय्यासाहेब आमच्याकडे चहाला आले. छपराकडे पाहत म्हणाले, "साहेबांना पुढच्याही दोन खोल्या आवडल्यात म्हणे. मी म्हटलं, छे, ही घरची माणसं आहेत." एवढंच बोलले. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

सकाळी डोमाजीभाऊ दारात आले. नेहमीप्रमाणे अंगणाच्या मधोमध बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, "बाई, तुमची माळ्यावरची शिडी देता का? माही आत अडकून रायली."

कशाला, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. भय्यासाहेबांच्या खिडकीतून आमचं दार सरळ दिसत असे, तेवढंच मला त्या क्षणी दिसलं. मी म्हटलं, "शिडी मोडली हो भाऊ, परवाच. पायरी निघाली तिची."

शिडी मोडली नव्हती. माझ्या पाठीमागेच भिंतीला उभी होती आणि उघड्या दारातून तिचे दोन दांडे त्यांना स्वच्छ दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी आजवर त्याचं काहीतरी उत्तर तयार केलं असतं. पण ते ज्या नजरेने कावळा उतरलेल्या कवेलूंकडे पाहत तसंच माझ्याकडे पाहत होते. त्यांनी माझी भीती ओळखली. "बरं, बाई," म्हणाले. "भेऊ नोका." आणि गेले.

दुपारपर्यंत ते कावड खांद्यावर घेऊन आले. दोन्ही टोपल्यांत कवेलू होते. लाल, काळपट, पिवळट. स्वतःच्या घरावरचे.

मुलं धावली. लालसूने कावड धरून ठेवली आणि म्हणाला, "नाई भाऊ, हे नाई लावाचं." डोमाजीभाऊ त्याला एवढंच म्हणाले, "तू वाच." मग मागच्या कडुलिंबावरून, फांदीला धरून, ते कोठ्याच्या बांबूंवर उतरले. दोन दिवस चाललं होतं ते. पाळीखालून कावड भरून आणायची, मुलांनी खालून द्यायचे, त्यांनी वर लावायचे. दोन खणांच्या घराचे कवेलू कोठ्याला पुरेनात. मग त्यांनी अर्धाच कोठा झाकला, सात खाटा आणि गव्हाण येईल एवढा. कुडाच्या भिंती आणि उघडे बांबू एवढंच त्यांचं पाळीखालचं घर उरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भय्यासाहेब आले. बरोबर दोन गडी, गड्यांच्या खांद्यावर शिडी. गल्लीतली माणसं जमली. मी आणि हे आमच्या मागच्या बंद खिडकीच्या फटीशी उभे होतो, दार लावून.

"डोमाजी," भय्यासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "कोणाला विचारून चढलात? उतरा."

डोमाजीभाऊ आढ्यावर उकिडवे बसले होते. आणि मी एक आवाज ऐकला, जो त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या पायाखालचे कवेलू वाजत होते. त्यांचे पाय इतके थरथरत होते, की सगळी ओळच्या ओळ दात वाजावेत तशी वाजत होती.

"उतरतो जी," ते म्हणाले. "मी उतरतो. पन कवेलू नाई उतरत."

"घर माझं आहे."

"घर तुमचं होये जी. कवेलू माह्ये होयेत. हे ओळ वकिलाची. हे डागदराची. हे पुजाऱ्याचे. हे पाच बाईच्या इथचे. काढसान तं चोरी होते. जमादार सांगून गेले."

गल्लीत कोणी हसलं नाही. पुजाऱ्याचा भाऊ गर्दीत होता, तो पुढे होऊन म्हणाला, "आमच्याकडलेच होयेत ते. मीच देल्ले." भय्यासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, मग आमच्या बंद खिडकीकडे पाहिलं. मी मागे सरकले. त्यांनी गड्याला नुसती मान हलवून खूण केली आणि गड्याने शिडी उचलून वळचणीला लावली.

टक्क.

डोमाजीभाऊंनी डोळे मिटून घेतले. दोन्ही हातांनी आढं धरलं, लहान मूल आईला धरतं तसं. कवेलू वाजतच होते. मला वाटलं, आता हा माणूस वरून पडेल, आणि मी काहीच करणार नाही. पण ते खाली उतरले नाहीत. गडी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून भय्यासाहेबांकडे पाहत राहिला. भय्यासाहेबांनी शेवटी उपरणं झटकलं. "राहू द्या," म्हणाले. "परीक्षा होऊन जाऊ द्या त्यांची." आणि ज्या वाटेने आले त्याच वाटेने सावकाश निघून गेले.

सातही मुलं परीक्षेला बसली. चौघं पास झाली. लालसू त्यांत होता, हे मला पुष्कळ पुढे कळलं. परीक्षा संपल्यावर तो इतरांसारखा घरी आरामाला गेला नाही. गावाकडून बांबू आणि तणस घेऊन येतो, भाऊंचं घर मृगाआधी शाकारतो, असं सांगून गेला. वाट लांबची, गाडी दुसऱ्याची, आणि मृगाला जेमतेम महिना उरलेला. तो वेळेवर पोचला की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही.

कारण आम्ही चांदा सोडला. ह्यांना वर्ध्याला नोकरी मिळाली असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण ती आम्ही कशाला शोधली, ते आम्हांला ठाऊक होतं. भय्यासाहेब दर दोन दिवसांनी चहाला येत होते.

निघायच्या दिवशी सामान टांग्यात चढल्यावर मी ह्यांना म्हटलं, टांगा तलावाच्या पाळीवरून घ्या. माळ्यावरची ती शिडी मी मांडीवर आडवी धरली होती. भर दुपार होती. पाळीवरून मी एकटी खाली उतरले.

घरावर एकही कवेलू नव्हता. उघड्या बांबूंवर डोमाजीभाऊंनी आपलं जुनं जाळं ताणून बांधलं होतं आणि त्याच्या घरांत पळसाची पानं खोचली होती. अर्धी वाळून गळून गेली होती. खाली ते झोपले होते, उताणे, भिंतीच्या कडेला. दाराजवळचं गाठोडं डोक्याखाली. अंगभर जाळ्याच्या सावलीच्या चौकटी. बांबूवर एक कावळा बसला होता आणि चोचीने पान उपटत होता. तरी ते हलले नाहीत.

मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते. ते सगळं विसरले. पुढे झाले आणि शिडी भिंतीला टेकवली. चिंध्या बांधायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बांबूला लागून टक्क झालं. कावळा उडाला.

मी श्वास धरून उभी राहिले. भाऊ जागे झाले नाहीत. मी वाकून त्यांच्या पोटावरच्या सावलीकडे पाहत राहिले, ती हलते का, म्हणून. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग ती हलली. वर गेली, खाली आली.

वर पाळीवरून हे हाका मारत होते. मी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता चढून गेले.